झुरळकाकांचं नाक

झुरळकाकांना कागदोपत्री एक चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर. बाकी सगळी कॉलनी त्यांना झुरळकाकाच म्हणायची. तुम्हाला वाटेल, बिचाऱ्याला केवढं लागत असेल! अहो, कसलं काय. कोणी नुसतं ‘काका’ म्हणून हाक मारली तर हे गृहस्थ वळूनसुद्धा बघायचे नाहीत. काका काय, गल्लीत पैशाला पासरी. झुरळकाका मात्र एकच, असं ते स्वतःच सांगायचे.

पेस्ट कंट्रोलच्या एका कंपनीत ते फवारणीवाले होते. अंगात खाकी डगला, पाठीवर पंप, हातात लांब नळी आणि चेहऱ्यावर असा भाव, की हे आता थेट सीमेवरच निघालेत. हॉटेलांची स्वयंपाकघरं, इस्पितळांचे पॅसेज, गोदामं, कचेऱ्या, सगळीकडे यांचा संचार. तोंडाला फडकं बांधायचं ते नवशिक्यांनी, असं त्यांचं ठाम मत. कंपनीने दिलेला मास्क ते घरी आणत आणि काकू त्यातून चहा गाळता येईल का याचा विचार करून तो फेकून देत. खोकला आला तर काका म्हणायचे, ‘‘औषध चांगलं आहे, लागतंय.’’

त्यांचं एक तत्त्व होतं. झुरळ पाठीवर पडलेलं, पाय वर केलेलं दिसलं, तरच काम झालं. नुसतं ‘झुरळ दिसत नाही’ याला ते काम मानायला तयार नसत. फवारणीनंतर मेलेली झुरळं ते झाडूने एका जागी गोळा करत आणि घरमालकाला हाताला धरून दाखवायला नेत. घरमालकीण किंचाळली, की काकांचा दिवस सार्थकी लागे.

स्वतःच्या घरावर तर त्यांचं विशेष प्रेम. पंपात तळाला उरलेलं औषध टाकून द्यायचं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून ते घरी यायचं. काकू मुकाट्याने भांड्यांवर चादर टाकत, लेकीला घेऊन खाली बागेच्या कठड्यावर जाऊन बसत आणि काका आपल्या दोन खोल्यांतून विजयी वीरासारखे फिरत. त्या घरात झुरळ तर सोडाच, वाट चुकलेली मुंगीसुद्धा कधी रमली नाही. पाहुणेही फारसे रमत नसत, पण त्याचा आणि औषधाचा काही संबंध असेल हे काकांच्या डोक्यात कधी आलं नाही.

पुढे लेकीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली. नात जन्मली तीच हातपाय झाडत, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणू लागले. भिंगरीला दमा निघाला. जरा मोठी झाल्यावर लेक तिला पहिल्यांदा आजोळी राहायला घेऊन आली, तेव्हा चपला काढून होईपर्यंत पोरीची छाती वाजायला लागली. लेकीने पिशवी होती तशी उचलली.

‘‘बाबा, घरात औषधाचा वास आहे. तो जाईपर्यंत मला हिला इथे ठेवता येणार नाही.’’

‘‘कसला वास?’’ काका भिंतीजवळ गेले, कपाटात डोकं घातलं, गादी उचलून हुंगली. ‘‘मला तर काही येत नाही!’’

लेक गेली. नंतर फोनवर रोज बोलायची, पण राहायला यायचं नाव नाही. काकांना भिंगरी मिळायची ती लेकीच्या घरी, पाहुण्यासारखी, तास-दोन तास, तेही सोफ्याच्या काठावर बसून. मग काकांनी आपल्या परीने याचा अर्थ लावला. लेक आता मोठ्या ऑफिसात. सासरचे कोटवाले. त्यांच्यात सांगायचं काय, की माझे वडील लोकांच्या मोऱ्यांत औषध मारतात? वास-बीस सगळं निमित्त आहे. हे त्यांनी एकदा काकूंना बोलूनही दाखवलं.

‘‘तुमच्या डोक्यात काय किडे वळवळतात, त्यांना काही औषध नाही का हो कंपनीकडे?’’ काकू म्हणाल्या आणि कणीक मळायला लागल्या.

काका निवृत्त झाले आणि काकूंनी घराचा ताबा घेतला. फवारणी बंद. गाद्या उन्हात, भिंतींना नवा रंग, पडदे बदलले, जुनं लाकडी कपाट गेलं. ‘‘आणि तो पंप भंगारवाल्याला द्या,’’ असा हुकूम सुटला. काका पंप घेऊन खाली उतरले आणि मोकळ्या हाताने वर आले. म्हणजे काकूंना तरी तसंच दिसलं. प्रत्यक्षात पंप मागच्या जिन्याने फिरून, गोणपाटात गुंडाळून, गच्चीवरच्या टाकीमागे जाऊन बसला होता. आयुष्यभर पाठीवर वागवलेली वस्तू अशी किलोवर विकायची म्हणजे काय, गंमत आहे का?

घरातला वास जायला लागला, आणि झुरळं यायला लागली. का नाही येणार? इतकी वर्षं शेजारपाजारी अडकून पडलेली बिचारी, त्यांनाही हवापालट हवाच होता. झुरळकाकांच्या ओट्यावर झुरळ! कॉलनीला हसायला महिनाभर पुरेल एवढा ऐवज मिळाला. तेवढ्यात लेकीचा फोन आला, की डॉक्टरांनी सांगितलंय, भिंगरीला औषधाचा वास चालणार नाही आणि झुरळंही चालणार नाहीत, त्यांच्यानेही तिची छाती भरते. सुट्टी जवळ आली होती. दोन्हींपैकी काहीही नसेल, तर त्या दोघी मिळून अख्खी सुट्टी राहायला येणार होत्या.

‘‘म्हणजे मारायचंही नाही आणि ठेवायचंही नाही,’’ काका म्हणाले. ‘‘मग काय त्यांना विनंतीअर्ज करू?’’

काकूंनी विनंती केली, पण ती तळमजल्यावरच्या मास्तरीणबाईंना. मास्तरीणबाई म्हणजे निसर्गाच्या एकमेव अधिकृत प्रवक्त्या. शाळेतून निवृत्त झाल्या तशा त्या कॉलनीच्या बागेवर तुटून पडल्या होत्या. टोमॅटोच्या वाफ्याभोवती झेंडू लावायच्या, गुलाबावर मावा पडला की साबणाचं पाणी शिंपडायच्या, आणि मिरची-लसूण वाटून भिजत घातलेलं एक पाणी बाटलीत भरून ठेवायच्या. त्या बाटलीचं झाकण उघडलं की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या आपोआप बंद व्हायच्या. एकदा काकांनी त्यांना गुलाबापुढे स्टूल टाकून बसलेलं पाहिलं होतं.

‘‘काय चाललंय?’’

‘‘तो ठिपक्यांचा लाल किडा मावा खातो. त्याची वाट बघतेय.’’

‘‘किड्याला किडा खाणार. मग तुम्ही काय करता?’’

‘‘मी बघत बसते,’’ मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या.

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. अशा बाईच्या हाती आता त्यांचं स्वयंपाकघर गेलं. मास्तरीणबाई आल्या, चष्मा लावला आणि वर्गात तपासणी करावी तशा फिरल्या. नळ गळतोय, आधी तो दुरुस्त करा. रात्री ओटा कोरडा हवा. खरकटं घरात ठेवायचं नाही, कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण. सिंकखालच्या पाइपाभोवतीची फट सिमेंटने बुजवा, मोरीच्या तोंडावर बारीक जाळी बसवा. जुनी वर्तमानपत्रं आणि पुठ्ठ्याची खोकी काढा, त्यांना तिथेच राहायला आवडतं. पिठीसाखर आणि खाण्याचा सोडा सारख्या प्रमाणात मिसळून झाकणांत भरा आणि कोपऱ्यांत ठेवा. कपाटात तमालपत्रं. साखरेच्या डब्यात लवंगा. तांदळात कडुनिंबाचा पाला.

‘‘तमालपत्राने झुरळं जातात?’’ काकांनी विचारलं.

‘‘फटी बुजवल्याने जातात. तमालपत्र माझ्या समाधानासाठी आहे,’’ बाई म्हणाल्या. निदान हे तरी खरं बोलल्या.

आणि भिंतीवर पाल आली, तर तिला हाकलायचं नाही, असंही ठरलं. ज्या माणसाने जन्मभर सरपटणारं, उडणारं, वळवळणारं काहीही सोडलं नाही, त्याच्या दिव्याखाली आता एक गलेलठ्ठ पाल हक्काने बसायला लागली. काकू तिच्याकडे बघून ‘‘आली हो कामाला,’’ असं म्हणायच्या. काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण भिंगरी येणार होती, म्हणून तेही सिमेंट कालवून सिंकखाली पालथे पडले, वयाला न शोभेलशा आवाजात कण्हले, आणि एकूण एक फट बुजवली. याला कामसूपणा म्हणा, नाहीतर नातीचा लोभ म्हणा. कोपऱ्याकोपऱ्यातली झाकणं रोज सकाळी तेच तपासायचे आणि नवा सोडा तेच भरायचे.

हळूहळू झुरळं कमी झाली. मग दिसेनाशी झाली. काकू खूश. मास्तरीणबाईंनी मान अशी डोलावली, जसं काही झुरळांना त्यांनीच पास करून वरच्या वर्गात पाठवलं होतं. पण काकांना चैन पडेना. मेलेलं एकही सापडलं नव्हतं! झुरळं गेली म्हणतात, मग गेली कुठे? त्यांनी ओटा हलवून पाहिला, कपाटामागे बॅटरी मारली. एक पाय नाही, एक मिशी नाही. आयुष्यभर ज्याला काम म्हटलं, त्यातलं काहीही दाखवायला हातात नव्हतं.

सुट्टीचा पहिला दिवस उजाडला. काकू दुपारी लेकीला आणि भिंगरीला आणायला बस स्टँडवर गेल्या. काका एकटेच घरात. फरशी लखलखीत, खिडकीतून छान ऊन आलेलं. काकांनी पुन्हा एकदा ओट्याखाली डोकावून पाहिलं. समजा, भिंगरी आत आली आणि नेमकं एक, एकच झुरळ, तिच्या पुढ्यातून तुरुतुरु गेलं तर? लेकीला निमित्तच हवं आहे. ती पिशवी उचलेल आणि यावेळी गेली, तर परत येणार नाही. तेव्हा एक शेवटचा हात फिरवलेला बरा. औषध मारायचं नाही हे तर त्यांनाही मान्य होतं. एवढे काही ते बेअक्कल नव्हते. मास्तरीणबाई कडुनिंबाचं तेल आणि साबण कोमट पाण्यात घालून झाडांवर मारतात, तेच मारायचं. शंभर टक्के नैसर्गिक.

तेल घरात होतं, साबण होता. राहिली ती फवारणीची बाटली. मास्तरीणबाईंनी काकूंना दिलेली छोटीशी बाटली काकांनी हातात घेऊन पाहिली, एकदा फुसफुस केली आणि खाली ठेवली. ही काय बाटली? हिने फार तर इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडावं. काका गच्चीवर गेले.

पंप त्यांनी स्वच्छ धुतला बरं का. तसा आळस त्यांच्या अंगात नव्हता. साबणाने धुतला, गरम पाण्याने धुतला, नळीतून पाणी सोडलं, परत धुतला. मग त्याच्या तोंडाला नाक लावून एक लांब श्वास घेतला. काही नाही. नळीचं टोक हुंगलं. काही नाही. स्वतःच्या नाकाने खात्री करून घेतली, आता याच्यावर आणखी पुरावा काय हवा? त्यांनी पंप भरला, पट्टे खांद्यावर चढवले, आणि इतक्या दिवसांनी पाठीला ते ओझं लागल्याबरोबर गडी असा ताठ झाला की विचारू नका. पलंगाखाली, कपाटामागे, दारांच्या चौकटींवर, सोफ्याच्या खाली, भिंगरीसाठी घातलेल्या गादीच्या चारी बाजूंनी काकांनी मनापासून फवारलं. वर पाल बसली होती, ती खिडकीतून निघून गेली. काका म्हणाले, ‘‘जा, आता तुझं काम नाही.’’

जिन्यात पावलं वाजली. भिंगरी सगळ्यांच्या पुढे, दोन-दोन पायऱ्या उड्या मारत. काकांनी पंप बाथरूममध्ये ढकलला, दार सताड उघडलं आणि दोन्ही हात पसरले.

भिंगरी उंबऱ्याशी थबकली. तिने नाकावर हात धरला.

‘‘आजोबा, मी मागे आले होते ना, त्या दिवशीचाच वास येतोय.’’

‘‘अगं वेडे, तो कडुनिंब आहे! झाडाचा!’’

ती खोकली. मग पुन्हा खोकली, आणि मग थांबेना. लेकीने मागून येऊन तिला उचललं, अर्ध्या जिन्यापर्यंत खाली नेलं, पायरीवर बसवलं आणि पर्समधून इनहेलर काढला. काकू आत पाऊल टाकून तशाच बाहेर आल्या.

‘‘अहो, काय केलंत हे?’’

‘‘कडुनिंबाचं तेल मारलं. त्या बाईंचंच!’’

‘‘कशाने मारलंत?’’

काकांची नजर बाथरूमकडे गेली. काकूंनी बाथरूमचं दार ढकललं आणि पंपाकडे बघत उभ्या राहिल्या. गडबड ऐकून मास्तरीणबाई वर आल्या. त्या बागेतून आल्या होत्या, हातात ती मिरची-लसणाची बाटली तशीच. दाराशी येऊन त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाल्या, ‘‘हा कडुनिंब नव्हे, काका. हे तुमचं जुनं औषध आहे. रबरात मुरलंय ते.’’

आता मात्र काकांचा तोल गेला. इतके दिवस मनात कोंबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं.

‘‘पुरे करा! सगळ्यांनी मिळून नाटकं लावलीत! वास नाही नि बीस नाही, मी स्वतः हुंगलंय. सरळ सांगा ना, लाज वाटते म्हणून! झुरळकाकाची पोर म्हणवून घ्यायची लाज वाटते, पोराबाळांना इथे आणायची लाज वाटते! पोरीला कशाला खोकायला लावता?’’

भिंगरीचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आता जरा सावकाश. लेकीने वर पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, काहीतरी नुकतंच ध्यानात आल्यासारखं दिसत होतं.

‘‘बाबा, तुम्हाला खरंच येत नाही?’’

‘‘काय येत नाही?’’

लेकीने मास्तरीणबाईंकडे पाहिलं. बाईंनी हातातल्या बाटलीचं झाकण काढलं आणि ती काकांच्या नाकाखाली धरली. काकूंनी तोंड फिरवलं. खालच्या मजल्यावर कोणीतरी खिडकी लावून घेतली.

काकांनी दोनदा हुंगलं. ‘‘यात काय आहे? पाणीच तर आहे.’’

कोणी हसलं नाही. काकांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग स्वतःच बाटली हातात घेतली, बोट बुडवलं, जिभेला लावलं. मिरची झणझणीत लागली, डोळ्यांतून पाणी आलं. वास मात्र आला नाही. काका पायरीवर बसले.

‘‘केव्हापासून?’’ काकूंनी विचारलं. जे कळलंच नाही, ते केव्हा गेलं हे कसं सांगणार?

लेक दोन पायऱ्या चढून त्यांच्याजवळ आली. ‘‘मी शाळेत होते ना, तेव्हा संध्याकाळी जिन्यात हा वास आला, की मला कळायचं तुम्ही आलात. पुस्तक टाकून पळत यायचे मी दाराशी. लाज कसली, बाबा? मला अजूनही कुठे हा वास आला, तर मागे वळून बघते मी. पण हिला श्वास घेता येत नाही हो त्यात.’’

काकांनी मान खाली घातली.

लेक आणि भिंगरी त्या दिवशी परत गेल्या नाहीत, याचं श्रेय मात्र मास्तरीणबाईंना द्यावं लागेल. त्यांनी कोणाला न विचारता भिंगरीची पिशवी उचलली आणि तळमजल्यावर आपल्या घरात नेऊन ठेवली. ‘‘माझ्याकडे जागा आहे, आणि माझ्याकडे फक्त लसणाचा वास येतो,’’ असं त्यांनी जाहीर केलं. काकूंनी फोन केला, तशी कंपनीची माणसं येऊन पंप घेऊन गेली. काकूंनी वरचं घर धुवायला काढलं. काका फरशी पुसत, पलंग बाहेर ओढत आणि मध्येच थांबून विचारत, ‘‘अगं, गेला का?’’ काकू हुंगून सांगत, ‘‘अजून नाही.’’

काकांची अवस्था तर बघण्यासारखी झाली होती. स्वतःची नात स्वतःच्याच कॉलनीत, आणि तिला भेटायला जायचं ते त्या पालापाचोळ्यावाल्या बाईंच्या दारात! अंघोळ करून, नवे कपडे घालून, केसांना साबण लावून ते खाली जात आणि उंबऱ्याबाहेर उभे राहात. भिंगरी बाहेर येई, त्यांची बाही हुंगे, मग त्यांना वाकायला लावून केस हुंगे. हे काम तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिने आपणहून घेतलं होतं, आणि ती ते मास्तरीणबाईंच्या वरताण गांभीर्याने करायची.

‘‘येतो का?’’ काका विचारायचे.

‘‘येतो.’’

मग काका मुकाट्याने वर जाऊन पुन्हा अंघोळ करायचे. कातडीतच मुरलाय की काय, अशी त्यांना आता भीती वाटायला लागली होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. साबण बदलला, पंचा बदलला, चपला बदलल्या. एके दिवशी अंग इतकं घासलं की कोपरं लाल झाली. तसेच ते खाली गेले आणि दाराशी उभे राहिले. भिंगरीने बाही हुंगली, केस हुंगले, तळहात उलटा करून तोही हुंगला.

‘‘येतो का गं?’’

भिंगरीने बराच विचार केला. खोटं तिला बोलता येत नसे. ‘‘थोडासा येतो.’’

‘‘बरं,’’ काका म्हणाले आणि जायला वळले.

‘‘कुठे चाललात?’’ भिंगरीने त्यांचं बोट धरलं. ‘‘थांबा ना. मी खिडकी उघडते.’’

तिने त्यांना ओढत आत नेलं, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, स्टूल आणलं, त्यावर चढून दोन्ही दारं धाडकन उघडली आणि त्यांच्या शेजारी येऊन टेकली. बाहेर मास्तरीणबाई गुलाबापुढे बसून कसल्याशा किड्याची वाट बघत होत्या. काकांनी तोंड खिडकीकडे केलं, म्हणजे आपला श्वासही पोरीकडे जायला नको. मग त्यांना रडू आलं, आणि भिंगरी म्हणाली, ‘‘आजोबा, इकडे बघा ना.’’